सरंग्याची लांबी कोण मोजणार? मत्स्यव्यवसाय विभागास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य,
तसेच शाश्वत विकासाच्या सागरी उद्दिष्टांचे आकडे गोळा करणारे राज्यातले सर्व अधिकारी

विषय: समुद्राची स्थिती टनांबरोबरच लांबीत आणि तासांत मोजण्याबाबत

स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी या मागणीचा पाठपुरावा केला होता. त्याच सुमारास राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. सरंगा १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासा धरायचा नाही, विकायचा नाही. केरळने असा नियम आधीच केला होता. दोन्ही निर्णयांचा मला मनापासून आनंद झाला आणि तो आजही आहे.

त्या आनंदापोटीच एक प्रश्न विचारते. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या बंदरांत उतरणारा सरंगा लांबीने वाढला का?

मी पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बाबा तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, होते, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. बाबांची मासेमारी दालद्याची. हे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. आसापेक्षा, म्हणजे जाळ्याच्या छिद्रापेक्षा, लहान असला तर पलीकडे निघून जातो. बाबा प्रत्येक फेरीची एक ओळ वहीत लिहीत. तारीख, किती दिवस बाहेर, डिझेल किती, बर्फ किती, आणि मग मासळी. हलवा, घोळ, दाढा यांच्यापुढे नुसतं वजन असे. सरंग्यापुढे मात्र दोन आकडे असत, वजन आणि नग. लहानपणी मी विचारलं होतं, दोन कशाला? ते म्हणाले, "वजन व्यापाऱ्याला लागतं. नग मला लागतात."

त्याचा अर्थ मला संख्याशास्त्र शिकताना कळला. वजनाला नगांनी भागलं की एका माशाचं सरासरी वजन निघतं. जुन्या वह्यांमध्ये किलोला दोन-तीन सरंगे बसतात, शेवटच्या वह्यांमध्ये सहा-सात. वजनाचा रकाना मात्र कित्येक वर्षं फारसा हललेला नाही. कारण त्याच्या शेजारचे रकाने हलले. एका दिवसाची फेरी चार-पाच दिवसांची झाली, डिझेल दुपटीच्या वर गेलं, बर्फ वाढला. वजनाचा रकाना तेवढा वाचला तर समुद्र जसाच्या तसा आहे. नगांसकट सगळे रकाने एकत्र वाचले तर मासा लहान होत गेलाय आणि त्याच्यामागे माणूस लांब लांब जात राहिलाय.

राज्यात जाहीर होणारे आकडे बहुतेक वजनाच्या रकान्यातले असतात, आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत. २०१९ चंच उदाहरण घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्या वर्षी महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टन असल्याचं सांगितलं. हा पंचेचाळीस वर्षांतला नीचांक होता. आदल्या वर्षी हाच आकडा २.९५ लाख टन होता. राज्याच्या आर्थिक पाहणीत मात्र त्याच सुमाराचं सागरी उत्पादन चार लाख टनांच्या वर आहे. एका ठिकाणी वर्ष जानेवारीपासून मोजलं जातं, दुसऱ्या ठिकाणी एप्रिलपासून. नमुना घ्यायच्या पद्धतीही वेगळ्या. संस्थेची माणसं ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बंदरावर उतरणारी मासळी पाहतात आणि त्यावरून महिन्याचा अंदाज बांधतात. फरक पडायला कारणं आहेत, हे मी समजू शकते. पण दुपटीच्या आसपासचा फरक एवढ्याने भरून निघत नाही. एका आकड्यावर संकट जाहीर करावं लागेल, दुसऱ्यावर नवीन नौकांना अनुदान देता येईल. दोन्ही आकडे शासकीय आहेत आणि समुद्र एकच आहे.

शिवाय २०१९ हे वायू, क्यार आणि महा या चक्रीवादळांचं वर्ष होतं. ऐन हंगामात नौका बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या. मासळी कमी उतरली ती मासा कमी झाला म्हणून, की नौका कमी दिवस गेल्या म्हणून? नुसत्या टनांवरून याचं उत्तर कोणालाच देता येणार नाही. त्यासाठी जाळं पाण्यात किती तास होतं हे माहीत हवं. तासामागे किती मासळी आली, हा खरा आकडा. बाबांच्या वहीत निदान दिवसांचा आणि डिझेलचा हिशेब होता, कारण डिझेलचे पैसे त्यांच्या खिशातून जात होते.

आता एक आकडा, जो वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्याच २०२२ च्या स्थितीवरील अहवालात देशातले १३५ मत्स्यसाठे (एका भागातली एका जातीची मासळी म्हणजे एक साठा) तपासले आणि त्यांतले ९१.१ टक्के निरोगी असल्याचा निष्कर्ष निघाला. जगाचं चित्र पाहा. अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने १९७४ मध्ये ९० टक्के साठे शाश्वत पातळीवर होते, २०२१ मध्ये ६२.३ टक्के. म्हणजे आपण जगाच्या कितीतरी पुढे आहोत. संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि हा निष्कर्ष खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या बंदरात मासळीच्या ओट्यावर बसणाऱ्या कोणत्याही बाईला हा आकडा वाचून दाखवा, ती तुमच्याकडे पाहतच राहील.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टक्केवारी काढताना प्रत्येक साठ्याला एक मत असतं. सरंग्याचं एक मत, आणि ज्याचं नावही ग्राहकाला ठाऊक नसतं अशा माशाचंही एकच. पण घर टक्केवारीवर चालत नाही. सातपाटीचं घर सरंग्यावर चालतं, वसई-उत्तनचं बोंबलावर, मालवणच्या रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचं) बांगडा-तारलीवर. १३५ पैकी १२३ साठे ठीक आहेत हे देशाचं उत्तर झालं. उरलेल्या बारांत माझा मासा आहे का, हे माझ्या बंदराला कळायला हवं, आणि मराठीत कळायला हवं.

खोटे आकडे येतात कुठून, यावरही मोकळेपणाने बोलू या, कारण त्यात आमचाही वाटा आहे. मच्छीमार खरं सांगत नाही. कुठे मिळाली हे सांगितलं तर उद्या त्या जागेवर वीस नौका येतात. जास्त मिळाली म्हणावं तर नुकसानभरपाईच्या वेळी तोच कागद पुढे ठेवला जाईल अशी धास्ती. कमी मिळाली म्हणावं तर डिझेलचा कोटा कापला जाईल अशी दुसरी धास्ती. मग प्रत्येक जण समोरचा माणूस पाहून आकडा सांगतो. माझ्या लहानपणी बंदरावर एक नोंद घेणारे गृहस्थ यायचे. चहा व्हायचा, विचारपूस व्हायची आणि रकाने भरले जायचे. टोपलीत कोणी हात घालायचं नाही. बाबा त्यांना गोल आकडा सांगायचे आणि घरी येऊन वहीत खरा लिहायचे. त्यात त्या गृहस्थांचा दोष नव्हता, बाबांचाही नव्हता. खरं सांगून आपलं काही भलं होईल असं कोणी बाबांना कधी पटवून दिलं नव्हतं.

भलं होतं तेव्हा माणसं पुरावे घेऊन स्वतः येतात, हेही याच राज्याने दाखवलंय. डिसेंबर २०१८ पासून जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो द्यावा लागतो. मच्छीमारांनी फोटो काढले, अर्ज केले, आणि कोणता जीव कुठल्या बंदरासमोर केव्हा सापडला याची एक यादी आपोआप तयार होत गेली. खलाशाच्या मोबाईलमधून आलेली ही नोंद कार्यालयात बसून भरलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाची आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक मोठ्या बंदराच्या लिलावाच्या ओट्यावर १३५ मिलिमीटरची ठळक रेघ रंगवा. शेजारी चित्र लावा की लांबी मोजायची कुठून कुठपर्यंत. तुम्हाला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण सरंग्याची शेपटी खोल दुभंगलेली असते, खालचं टोक लांब असतं आणि बर्फात ते पुष्कळदा तुटतं. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलं की टोकापर्यंत, यावर तोच मासा कायदेशीर किंवा बेकायदेशीर ठरतो. मग आठवड्यातून एकदा, वार आधी न सांगता, शंभर सरंगे पाहून न निवडता उचला आणि मोजा. रोख पैसे देऊन हे काम ओट्यावरच्या बायकांच्या बचत गटाला द्या. त्यांचे हात हे काम पिढ्यान् पिढ्या करत आलेत. माझी आई सरंगा हातात घेऊन न बघता त्याचा भाव सांगायची. पद्धत शिकवायला आणि तपासायला रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. शंभरांपैकी किती मासे रेघेपेक्षा लहान भरले आणि लांबीनुसार ओळीने लावल्यावर मधल्या माशाची लांबी किती, हे दोन आकडे बंदरावरच्या फळ्यावर खडूने लिहा. दर आठवड्याला. पावसाळी बंदी सोडून वर्षभरात चाळीसेक नोंदी होतात. माझे अकरावीचे विद्यार्थी त्यावरून आलेख काढून दाखवतील की मासा वाढतोय की लहान होतोय.

आणि १३५ हा आकडाही त्याच नोंदींच्या आधारे काही वर्षांनी पुन्हा तपासा. किमान आकार ठरवला म्हणजे त्या आकाराच्या प्रत्येक माशाने एकदा तरी अंडी घातली असेल असं होत नाही.

अशा नोंदींनी काय साधतं? पावसाळी बंदीचंच बघा. सध्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. आमच्याकडे पूर्वापार रीत होती की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, आणि ती पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात पडते. बंदी पुढे न्यावी, असं कितीतरी मच्छीमार संस्था स्वतःहून मागताहेत. काही जणांना ते नकोय. वाद दरवर्षी होतो, मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उतरलेल्या सरंग्यांपैकी किती रेघेखालचे होते, हा एक आकडा तीन वर्षांचा हातात असता तर या वादाचा निर्णय एका बैठकीत लागला असता. डोलीचंही तसंच. डोल जाळं ओहोटी-भरतीच्या ओढीत तोंड उघडून उभं असतं. बोंबील, करंदी, जवळा यांच्यासाठी त्याचा शेवटचा आस बारीकच लागतो. त्यात सरंग्याची पिल्लं येतात. किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीच्या तोंडाशी? डोलकरांना आणि दालदावाल्यांना एकमेकांवर आरोप करत ठेवण्यापेक्षा हे मोजलेलं बरं. केरळात किमान आकाराचा नियम पाळला गेल्यावर राणी माशाचं उत्पादन वाढल्याचं तिथल्या अभ्यासातून पुढे आलं. असं पुढे येऊ शकलं, कारण कोणीतरी आधी आणि नंतर मोजलं होतं.

दुसरी मागणी तासांची. त्यासाठी नवीन यंत्रणा लागत नाही. फेरीला निघताना नौकेची नोंद होते. डिझेलच्या परताव्यासाठी प्रत्येक नौकेचा हिशेब संस्थांमार्फत तुमच्याकडे येतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे नौकेची जागा कळवणारं यंत्र, बसवण्याच्या सुमारे ३६० कोटींच्या योजनेची सुरुवात झाली. वादळाची सूचना मिळावी, संकटात मदत मागता यावी यासाठी ती आहे आणि ती हवीच. त्याच यंत्रातून नौका किती तास समुद्रात होती हे कळतं. नौकेचं नाव आणि जागा झाकून ठेवा, तांडेलाची जागा ही त्याच्या आयुष्याची कमाई असते. पण बंदरनिहाय एकूण तास आणि एकूण डिझेल दर महिन्याला जाहीर करा.

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटींचा प्रकल्प, समुद्रात साडेचौदाशे हेक्टरच्या आसपास भराव. ज्या पट्ट्याला आम्ही गोल्डन बेल्ट म्हणतो, जिथे सरंगा, घोळ आणि दाढा यांच्यावर गावंच्या गावं उभी राहिली, त्याच पट्ट्यात. या प्रकल्पाला माझा विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. पण हे पत्र त्या विरोधासाठी नाही, आणि बंदराच्या बाजूने असलेल्या अधिकाऱ्यालाही माझं पुढचं म्हणणं पटेल. भरावाआधी तिथे काय होतं याची बंदरनिहाय, जातनिहाय, लांबीनिहाय नोंद आज झाली नाही, तर दहा वर्षांनी काय गेलं हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. भरपाई मागणाऱ्यालाही नाही आणि नाकारणाऱ्यालाही नाही. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, सातपाटी, मुरबे या गावांमध्ये मोजणी सर्वांत आधी सुरू व्हायला हवी.

किनाऱ्याच्या लांबीच्या आणि क्षेत्रफळाच्या आकड्यांबद्दल थोडंच. आम्ही शाळेत शिकलो की महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे. केंद्राच्या जुन्या कागदांत तो ६५२.६ होता. अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७.९७ झाला. किनारा वाढलेला नाही; नकाशा अधिक बारकाईने पाहिला, म्हणून प्रत्येक खाचखळगा मोजला गेला. वर्गात हे उदाहरण मी आनंदाने देते. मात्र प्रगतीच्या अहवालात अशी वाढ दिसते तेव्हा मोजपट्टी बदलली होती हे त्याच ओळीत लिहिलेलं असावं. खारफुटीचंही असंच. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याची खारफुटी २०१९ मध्ये ३२० चौरस किलोमीटर, २०२१ मध्ये ३२४ आणि २०२३ मध्ये ३१५ आहे. वरून हिरवं किती दिसतं हे यातून कळतं. त्या चिखलात चिंबोरी आणि निवट्या उरल्यात का, हे खाडीत उतरणाऱ्या बायकांना विचारूनच कळेल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर २९.१२ चौरस किलोमीटर आहे. संरक्षित क्षेत्राच्या टक्केवारीत ते पूर्णच्या पूर्ण धरलं जातं. आत प्रवाळाचं काय झालं, मासा किती आहे, स्थानिक मच्छीमाराला त्यातून काय मिळालं, याला त्या टक्केवारीत जागाच नाही.

हे सगळं ज्या चौकटीत बसतं तिची आठवण करून देते. सप्टेंबर २०१५ मध्ये भारतासह सगळ्या देशांनी सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं मान्य केली. चौदावं समुद्राचं. अतिमासेमारी थांबवायची मुदत त्यात २०२० होती. ती टळून गेली. एकूण उद्दिष्टांची मुदत २०३० आहे. नीती आयोगाच्या राज्यांच्या निर्देशांकात चौदाव्या उद्दिष्टाचे गुण नऊ किनारी राज्यांना वेगळे दिले गेले, पण एकूण गुणांत ते धरलेले नाहीत. सगळ्या राज्यांना समुद्र नाही, हे त्याचं कारण. तुलनेसाठी ते रास्त असेल. परिणाम असा की समुद्राच्या विषयात नापास झालेल्या राज्याच्याही प्रगतिपुस्तकावर काही फरक पडत नाही. महाराष्ट्राने हे स्वतःहून बदलावं. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यापुढे दरवर्षी तीन ओळी ठेवा: रेघेखालच्या माशांचं प्रमाण, तासामागची मासळी, किलोमागचं डिझेल. पालकमंत्र्यांनी त्या वाचाव्यात आणि गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

रेघेखालचा मासा सापडला म्हणून पहिल्या वर्षी कोणालाही दंड करू नका, एवढी एक विनंती. १९८१ चा मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये कडक झाला, दंड लाखांत गेला. मासळीला भुलवणाऱ्या एलईडी दिव्यांवर आणि परवान्याबाहेरच्या पर्ससीनवर (थवाच्या थवा वेढणाऱ्या जाळ्यावर) तो जरूर वापरा, तिथे ढिलाई नको. पण ओट्यावरच्या मोजणीला दंड जोडलात तर लहान मासळी मागच्या वाटेने फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या, गाडीत जाईल आणि फळ्यावर सगळे सरंगे टपोरे दिसतील.

बाबांच्या वह्या तेवीस आहेत. काहींची पानं खाऱ्या हवेने चिकटली आहेत, दोन वह्यांचं डिझेल सांडून नुकसान झालंय. मी त्या पानापानाने स्कॅन केल्यात आणि नगांचा रकाना संगणकावर भरत आणलाय. अशा वह्या आमच्या किनाऱ्यावर आणखी घरांत आहेत, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. कुणी विश्वासाने मागितल्या नाहीत म्हणून त्या तिथेच पडून आहेत. विभागाने एक माणूस पाठवावा, ज्याला मराठी हस्ताक्षर वाचता येतं आणि ज्याला सरंगा आणि हलवा यांतला फरक कळतो. मी माझ्या वह्या त्याच्या हातात देईन आणि शेजारच्या चार घरांत त्याला घेऊन जाईन. मूळ प्रती मात्र तपासून झाल्या की परत हव्यात.

आपली,
पालघर किनाऱ्यावरच्या एका तांडेलाची मुलगी